ब्रँडी, रम आणि संत्र्याची साल: ‘बिटवीन द शीट्स’विषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या पानावर ‘बिटवीन द शीट्स’ या जुन्या कॉकटेलची चार ओळींची कृती दिली होती. ब्रँडी, पांढरी रम, संत्र्याचं लिकर (म्हणजे गोड, सुगंधी दारू) आणि लिंबू एवढाच त्याचा पसारा. त्यावर आलेल्या पत्रांत तक्रारी जास्त होत्या आणि बहुतेक रास्त होत्या. चार ओळींत हे पेय समजावून सांगता येत नाही. म्हणून हा पूर्ण अंक त्यालाच दिला आहे. महाराष्ट्रात स्पिरिट घेण्यासाठी वयाची 25 वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवाना लागतो, हे धरूनच पुढचं वाचावं.

तुमच्या कृतीत ‘समप्रमाणात घ्या’ असं होतं. नक्की किती मिली? आणि घरी शेकर नाही, तर चमच्याने ढवळून चालेल का? (एक वाचक, पुणे)

‘समप्रमाणात’ हा शब्द अपुरा होता. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या यादीतलं माप असं आहे: पांढरी रम 30 मिली, कोन्याक (फ्रान्समधली द्राक्षाची ब्रँडी) 30 मिली, ट्रिपल सेक (संत्र्याचं लिकर) 30 मिली आणि लिंबाचा ताजा रस 20 मिली. म्हणजे तीन लहान पेग आणि चार चहाचे चमचे रस. समप्रमाण फक्त पहिल्या तिघांत आहे. रसही 30 मिली घातला तर पेय दात आंबवतं.

30 मिलीचं माप बहुतेक घरांत असतं, 20 चं नसतं. त्यासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं 5, 10, 15 मिलीच्या रेघा असलेलं टोपण स्वच्छ धुऊन वापरा. स्वयंपाकघरातल्या चमच्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे चहाचा चमचा म्हणून जो वापरतात त्यात कधी 3 मिली मावतात, कधी 7. चार चमचे मोजताना तेवढी चूक चौपट होते.

ढवळून चालणार नाही. ज्यात लिंबाचा रस आहे ते पेय हलवूनच घ्यायचं. हलवताना रसात बारीक हवा कोंडली जाते, त्याने पेय जिभेवर हलकं लागतं. शिवाय बर्फ आपटून आपटून नेमकं लागेल तेवढं पाणी सोडतो. शेकर नसेल तर व्यायामवाल्यांची प्रोटीन शेकरची बाटली चालते, फक्त ती व्हॅनिलाच्या वासाची नसावी. रबरी कडं असलेला, झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा त्याहून बरा, कारण स्टील पटकन गार होतं आणि गार झालेलं हाताला कळतं. काचेची पातळ बरणी मात्र नको.

क्रम असा. ज्या ग्लासात प्यायचं तो आधी फ्रीजरमध्ये ठेवा. डब्यात रस, लिकर, रम, ब्रँडी ओता. मग दोन तृतीयांश डबा भरेल इतका बर्फ टाका. हा बर्फ फ्रीजरमधून तेव्हाच काढलेला, कोरडा, बोटाला चिकटणारा हवा. वाडग्यात पंधरा मिनिटं पडून पाणी सुटलेला बर्फ वापरला की पेय गार होण्याआधीच पातळ होतं. झाकण लावून बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवा, डब्याला बाहेरून दव धरेपर्यंत. झाकण उघडल्याबरोबर चहाच्या बारीक गाळणीतून ग्लासात गाळा, म्हणजे बर्फाचे कण आणि लिंबाचा गर मागे राहतो. ग्लासात बर्फ नाही.

आत घातले 110 मिली, बाहेर निघतात साधारण 150 ते 155. वरचे 40-45 मिली बर्फाचं पाणी. ते गफलतीने आलेलं नाही, कृतीचाच भाग आहे. म्हणून ग्लास किमान 160 मिलीचा असावा. छोट्या त्रिकोणी ग्लासात हे मावत नाही, आणि मावत नाही म्हणून कमी हलवलं तर घशाला जळजळतं.

सगळं मापाने घेतलं तरी माझं पेय पाकासारखं गोड झालं. ट्रिपल सेक सुपरमार्केटमधून आणलं होतं. (एक वाचक, ठाणे)

दुखणं तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यात आहे. सुपरमार्केटमध्ये सरबतांच्या फळीवर ‘ट्रिपल सेक’ लिहिलेली जी बाटली मिळते ती बहुतेक वेळा लिकर नसते. तो संत्र्याच्या वासाचा साखरपाक असतो. त्यात दारू नसते. बाटलीच्या मागचा मजकूर वाचा: अल्कोहोलची टक्केवारी लिहिलेली नसेल आणि घटकांत पहिलं नाव साखरेचं असेल तर तो पाक आहे.

फरक किती पडतो बघा. क्वांत्रोसारख्या 40 टक्क्यांच्या लिकरच्या 30 मिलीमध्ये साधारण 7 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा दीड चमचा. तेवढ्याच पाकात 20 ग्रॅमच्या वर साखर जाते, म्हणजे चार-पाच चमचे. लिंबू मात्र दोन्हीकडे 20 मिलीच. तिप्पट साखरेला ते कुठे पुरं पडणार? शिवाय 40 टक्क्यांचं 30 मिली स्पिरिट वजा झालं, त्यामुळे पेय गोड झालं आणि पोकळही.

त्याच बाटलीवर काम भागवायचं असेल तर पाक 10 मिलीच घ्या, ब्रँडी 40 मिली करा, रम 30 आणि रस 20 तसेच ठेवा. हलवून झाल्यावर संत्र्याच्या सालीचा एक तुकडा ग्लासावर धरून रंगीत बाजू खाली ठेवून दाबा. सालीतलं तेल तुषारासारखं पेयावर पडतं आणि पाकात जो खरा वास नव्हता तो थोडाफार भरून निघतो. मूळच्या जवळ जाईल, मूळ होणार नाही.

तिसरा प्रकार म्हणजे 15 ते 25 टक्क्यांची स्वस्त लिकरं. ती गोडही जास्त आणि कमजोरही. ती 20 मिलीपासून सुरू करा, चाखा, मग वाढवा. या पेयात ब्रँडी कोणती, रम कोणती यावर लोक तासभर बोलतात. आमच्या मते पेय बिघडतं ते दहापैकी आठ वेळा संत्र्याच्या बाटलीमुळे. पैसे मोजकेच असतील तर ते तिथे घालावेत.

हे नाव कुणी ठेवलं? आणि ‘साइडकार’मध्ये रम ओतली की झालं, असं म्हणतात ते खरं का? (एक वाचक, डोंबिवली)

घटक पाहिले तर खरं आहे. साइडकार म्हणजे कोन्याक, संत्र्याचं लिकर आणि लिंबू. त्यातली अर्धी कोन्याक काढून तिच्या जागी पांढरी रम घातली की ‘बिटवीन द शीट्स’.

साइडकारची कृती 1922 मध्ये लंडनमध्ये निघालेल्या दोन पुस्तकांत सापडते. त्यातलं एक पुस्तक हॅरी मॅकेल्होन यांचं. हे मूळचे स्कॉटलंडमधल्या डंडीचे. पॅरिसमध्ये 5, रू दोनू या पत्त्यावर 1911 मध्ये ‘न्यू यॉर्क बार’ सुरू झाला होता, तो मॅकेल्होन यांनी 1923 मध्ये विकत घेतला आणि पुढे तो ‘हॅरीज न्यू यॉर्क बार’ म्हणून ओळखला जाऊ लागला. फ्रेंच न येणाऱ्या अमेरिकनांनी टॅक्सीवाल्याला पत्ता नीट सांगावा म्हणून बार जाहिरातीत उच्चारच छापायचा: ‘सँक रू दो नू’. बार आजही त्याच पत्त्यावर आहे.

आपल्या कॉकटेलचं श्रेय बहुतेक ठिकाणी मॅकेल्होन यांनाच मिळतं. दुसरा दावा लंडनच्या बर्कली हॉटेलमधल्या पॉली नावाच्या व्यवस्थापकाचा आहे, त्यासाठी 1921 हे साल सांगितलं जातं. जुन्या कॉकटेलांच्या बाबतीत असे दोन-दोन बाप नेहमीचे. खुद्द साइडकारचं श्रेय मॅकेल्होन यांनी पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत लंडनच्या बक्स क्लबमधल्या मॅकगॅरी यांना दिलं होतं.

नावाचा शब्दशः अर्थ ‘चादरींच्या मध्ये’. सूचक आहे आणि मुद्दाम सूचक आहे. त्या दशकात पॅरिस आणि लंडनच्या बारमध्ये असली नावं ठेवण्याची चाल होती. ऑर्डर देताना गिऱ्हाइकाने जरा थबकावं, हसावं, एवढाच हेतू.

रम यात शिरली त्याला मात्र काळाचं कारण आहे. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती. पिणारे अमेरिकन दोन दिशांना पांगले: काही पॅरिसला, काही जवळच्या क्यूबाला. क्यूबात हलकी, पांढरी, कोळशातून गाळलेली रम होती. फाकुंदो बाकार्दी यांनी 1862 मध्ये सांतियागो दे क्यूबामध्ये ज्या भट्टीपासून सुरुवात केली, तिच्यामुळे ही शैली नावारूपाला आली. त्याआधी रम म्हटलं की जमैकाची, काळपट, गुळाच्या वासाची, दणकट. ती कोन्याकबरोबर एका ग्लासात घातली तर कोन्याक दिसेनाशी होते. पांढरी रम तसं करत नाही. ती कोन्याकला जागा देते आणि पेय जरा कोरडं, चटपटीत करते. हे पेय तेव्हाच जन्माला येऊ शकलं, कारण ब्रँडीशी जुळवून घेणारी रम तेव्हाच सगळीकडे पोहोचू लागली होती.

नुसती ब्रँडी घातली तर ‘कोन्याकची चव नाही’ असं पाहुणे म्हणाले. दोन्ही द्राक्षाच्याच ना? (एक वाचक, नाशिक)

दोन्ही द्राक्षाच्या असतीलच असं नाही, गोची तिथेच आहे. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत मुख्य ऐवज उसाच्या मळीपासून केलेलं स्पिरिट असतो, त्यात द्राक्षाची ब्रँडी थोडी मिसळलेली असते, आणि रंग-वासाचं काम कॅरॅमल आणि अर्क करतात. द्राक्षांच्या गावात राहून ही गोष्ट टोचणारी आहे. लेबलवर ‘ग्रेप ब्रँडी’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहा, नुसतं ‘ब्रँडी’ किंवा ‘ब्लेंडेड’ आहे का तेही पाहा. या पेयापुरतं सांगायचं तर मळीच्या स्पिरिटची ब्रँडी आणि रम एकत्र केली म्हणजे उसात ऊस मिळवला. दोन घटकांची जी गंमत आहे तीच संपते.

कोन्याक म्हणजे फ्रान्सच्या शारांत भागातली द्राक्षाची ब्रँडी, तिथल्याच नियमांनी केलेली. मुख्यतः युनी ब्लां जातीची द्राक्षं, त्यांची आंबट, हलकी वाइन, ती तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातित करायची आणि ओकच्या पिंपांत मुरवायची. लेबलवर ‘व्हीएस’ असेल तर मिश्रणातली सर्वांत तरुण ब्रँडी किमान दोन वर्षं मुरलेली, ‘व्हीएसओपी’ असेल तर चार, ‘एक्सओ’ असेल तर दहा. ही अक्षरं फ्रेंच नसून इंग्रजी आहेत, कारण हा माल पूर्वीपासून इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांकडे जात आला.

कॉकटेलला व्हीएस पुरते. व्हीएसओपी असली तर उत्तम. एक्सओ लिंबात घालू नका. दहा वर्षांत पिंपाने जे सुकामेव्यासारखे, जुन्या लाकडासारखे वास दिलेले असतात ते लिंबाच्या पहिल्या चमच्यात बुजतात आणि पैसे वाया जातात. कोन्याक परवडत नसेल तर चांगली शुद्ध द्राक्षाची ब्रँडी, मग ती भारतीय असो की स्पॅनिश, खुशाल घ्या. स्पॅनिश बहुधा गोडसर असते, तिच्याबरोबर लिकर 25 मिलीवर आणा.

ओल्ड मंक चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

पेय होईल, पण हे होणार नाही. ओल्ड मंकचा व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास इतका ठाम आहे की कोन्याकचं नाव घ्यायलाही जागा उरत नाही. तरीही करायचं असेल तर रम 20 मिली, ब्रँडी 40, लिकर 20, रस 20. कोन्याक वापरू नका, साधी ग्रेप ब्रँडी वापरा. पांढऱ्या रममध्ये बाकार्दी सगळीकडे मिळते. गोव्यात आता चांगल्या पांढऱ्या रम होऊ लागल्या आहेत, त्यांत उसाचा ताजा वास जरा जास्त असतो. त्या इथे शोभतात.

संत्री आमच्या दारात आहेत. क्वांत्रोसाठी तीन-चार हजार मोजायचे नाहीत. घरी लिकर करता येईल? (एक वाचक, नागपूर)

करता येईल आणि करावंच. फक्त एक फरक आधी लक्षात घ्या. क्वांत्रो फ्रान्समधल्या आंजे शहरात होतं. तिथे दोघा क्वांत्रो भावांनी 1849 मध्ये भट्टी घातली आणि पुढच्या पिढीतल्या एदुआर यांनी 1875 मध्ये हे लिकर सिद्ध केलं. त्यात गोड आणि कडू अशा दोन्ही संत्र्यांच्या साली असतात. कडू सालीची महती जुनी आहे. कुरासाव बेटावर स्पॅनिश लोकांनी लावलेली संत्री तिथल्या कोरड्या जमिनीत खाण्याजोगी राहिली नाहीत, पण त्यांच्या वाळवलेल्या सालींना असा वास होता की त्यावर लिकरचा अख्खा एक प्रकार उभा राहिला. नागपुरी संत्रं जातीने मँडरिन. त्याची साल सैल, सुगंधी, पण कडवटपणा फार कमी. म्हणून नुसत्या नागपुरी सालीचं लिकर गोळीसारखं लागतं. त्याला कडवटपणाचा आधार द्यावा लागतो.

साहित्य: 42.8 टक्क्यांची साधी, वास नसलेली व्होडका 200 मिली, तीन नागपुरी संत्री, एक मोसंबं, साखर 70 ग्रॅम, पाणी 50 मिली.

फळं कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवा, बाजारच्या फळांवर मेण असतं. संत्र्याची साल हाताने सोला, मग तिची आतली बाजू वर करून पाटावर ठेवा आणि चमच्याच्या कडेने पांढरा भाग खरवडून काढा. खरवडताना सालीतून तेल उडतं आणि बोटं चिकट होतात, तेवढ्यावर थांबा. साल फाटेपर्यंत गेलात तर तेल पाटावरच संपलं. मोसंब्याची साल मात्र सोलाण्याने अगदी पातळ काढा आणि तिचा थोडा पांढरा भाग मुद्दाम राहू द्या. हाच तो कडवट आधार.

साली व्होडकात घालून बरणी अंधारात ठेवा. मोसंब्याची साल 24 तासांनी काढून टाका, संत्र्याची तीन दिवसांनी. आठवडाभर ठेवली तर जास्त वास येईल असं वाटतं, पण येतो तो कडू, औषधी वास. तेल पहिल्या दोन-तीन दिवसांतच उतरतं, नंतर उतरतो तो पांढऱ्या भागातला कडूपणा. गाळून घ्या, साली पिळू नका. साखर 50 मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा, उकळू नका, पूर्ण थंड करून मिसळा.

सगळं मिळून 290 मिलीच्या आसपास होतं, साखर जवळजवळ क्वांत्रोइतकीच आणि अल्कोहोल 29 टक्क्यांच्या घरात. पाक घातल्यावर पेय थोडं धुरकट झालं तर बिघडलं असं समजू नका. अल्कोहोलमध्ये विरघळलेलं सालीचं तेल पाणी वाढल्यावर बाहेर येतं आणि ढग दिसतो. तो तुमच्या सालीत तेल भरपूर होतं याचा पुरावा आहे. वापरताना 30 मिलीच घ्या.

साल कधीची घ्यावी, तर मृग बहाराची, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणाऱ्या फळांची. आंबिया बहाराची, ऑक्टोबरपासून येणारी फळंही चालतील, फक्त पूर्ण रंगलेली निवडा.

इथे पिवळे लेमन मिळतात, भारतात गेलो की कागदी लिंबू. एकच माप दोन्हीला कसं चालेल? (एक वाचक, न्यू जर्सी)

मूळ कृती पिवळ्या लेमनची आहे, म्हणजे तुमच्याकडे 20 मिली. कागदी लिंबाचा आंबटपणा आकड्यात फार वेगळा नाही, पण त्याचा वास तीक्ष्ण आणि हिरवा असतो, तो कोन्याकच्या वर चढतो. इकडे 18 मिली घ्या, म्हणजे 20 पेक्षा किंचित कमी. साल पिवळी पडलेलं, रसाळ लिंबू निवडा. कच्च्या हिरव्या लिंबाने पेय लोणच्याच्या वाटेला जातं. एका लिंबातून 10 ते 15 मिली रस निघतो, म्हणजे दोन लिंबं जवळ ठेवा.

लिंबू पिळताना शेवटच्या थेंबाचा हव्यास नको. पिळणीत साल चुरगाळेपर्यंत दाबलं की सालीतलं कडू रसात येतं. आणि रस त्याच दिवशीचा हवा. सकाळी काढलेला रात्री चालतो. आदल्या दिवशीचा फ्रीजमध्ये ठेवलेला रस चपटा आणि कडसर लागतो. बाटलीतला रस तर घेऊच नये.

शेकरचं झाकण घट्ट बसतं, निघत नाही. (एक वाचक, सोलापूर)

आतली हवा गार होऊन आक्रसते आणि झाकण आत ओढलं जातं. दोन्ही तळव्यांनी झाकणाचा सांधा अर्धा मिनिट धरून ऊब द्या, मग बाजूने थाप मारा. वरून ओढू नका. सुरी घालू नका.

सर्दीला चमचाभर ब्रँडी देतात, तर हे कॉकटेल थंडीत औषधी म्हणता येईल? (एक वाचक, सातारा)

नाही. ब्रँडीने सर्दी बरी होत नाही. अंगात ऊब आल्यासारखी वाटते ती कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद झाल्यामुळे, आणि त्याने शरीरातली उष्णता उलट बाहेरच जाते. लहान मुलांना चमचाभर ब्रँडी देण्याची जुनी सवय तर पूर्णपणे सोडावी.

‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाच’वरून आला असं वाचलं. गोव्याशी त्याचा काही संबंध? आणि ब्रँडी-रमच्या या कॉकटेलशी? (एक वाचक, म्हापसा)

तुम्ही म्हापशाचे आहात, म्हणजे नेरूळ तुमच्या तालुक्यातलंच. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर 1670 च्या दशकात या किनाऱ्यावर होता. 1698 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात तो नेरूळचं नाव घेऊन सांगतो की सर्वांत चांगली अरक (स्थानिक दारू) तिथे होते, आणि तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पाँच’ नावाचं अंग ढिलं करणारं पेय बनवतात, पाच जिनसांचं म्हणून ‘पाँच’. शब्दाची दुसरी व्युत्पत्तीही मांडली जाते, ‘पंचन’ नावाच्या पिंपावरून. वाद मिटलेला नाही. पण या किनाऱ्यावरचे इंग्रज तेव्हा हे पेय बनवत होते याबद्दल फ्रायरची साक्ष पक्की आहे.

पाच जिनसा परंपरेने अशा सांगतात: दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. ती अरक माडाची किंवा ताडीची. इंग्रजांनी हे पेय घरी नेलं, पण तिकडे अरक महाग, दूरवरून यायची. मग तिच्या जागी हाताशी असलेली दारू आली: फ्रान्सची ब्रँडी, वेस्ट इंडीजची रम, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र, कारण एक मऊ आणि दुसरी जोरकस. अठराव्या शतकातल्या पंचच्या वाडग्यात ब्रँडी-रमची जोडी नेहमीची आहे. फिलाडेल्फियाजवळ 1732 मध्ये स्थापन झालेल्या मासेमारी क्लबचं ‘फिश हाउस पंच’ यातलं सर्वांत नावाजलेलं: जमैकाची रम, कोन्याक, पीचची ब्रँडी, लिंबू, साखर.

पुढे लोकांना दहा जणांत एक वाडगा नको झाला, आपापला ग्लास हवा झाला. पंचमधून मसाला गेला, पाणी बर्फाच्या रूपाने आलं, आणि उरलं ते ‘सावर’: दारू, लिंबू, साखर. 1862 मध्ये निघालेल्या अमेरिकन बारच्या पहिल्या मोठ्या पुस्तकात ब्रँडी सावर आहे, आणि न्यू ऑर्लिन्सचा ‘ब्रँडी क्रस्टा’ही आहे, ज्यात साखरेबरोबर संत्र्याचं लिकर येतं. क्रस्टापासून साइडकार एक पाऊल, साइडकारपासून आपलं कॉकटेल दुसरं. तेव्हा संबंध लांबचा आहे, पण तुटलेला नाही. मोजून पाहा: ब्रँडी-रम ही दारू, लिंबू, लिकरमधली साखर, बर्फाचं पाणी, आणि मसाल्याच्या जागी संत्र्याची साल. नेरूळच्या पाचही जिनसा ग्लासात आहेत.

आठ जणांसाठी आधी करून ठेवता येईल का? दर वेळी चार बाटल्या उघडायच्या आणि माप धरायचं म्हणजे पाहुण्यांकडे पाठ होते. (एक वाचक, मुंबई)

हे पेय त्यासाठी फार सोयीचं आहे. 750 मिलीची रिकामी, स्वच्छ बाटली घ्या. तिच्यात कोन्याक 240, पांढरी रम 240 आणि लिकर 240 मिली ओता. 720 मिली झालं, बाटली भरली, आठ ग्लासांची सोय झाली. लिंबू यात घालायचं नाही. हे मिश्रण महिनाभर कपाटात राहिलं तरी काही होत नाही. त्या दिवशी आठ ग्लासांचा रस म्हणून 160 मिली वेगळा काढून ठेवा, कागदी लिंबाचा असेल तर 145. वेळेवर बाटलीतलं 90 मिली, रस 20 मिली, बर्फ, पंधरा सेकंद. दोन ग्लासांचं एका वेळी हलवता येतं, चारांचं नाही. डबा भरला की बर्फाला हलायला जागा राहत नाही आणि पेय कोमट राहतं.

इथे एक चूक हमखास होते. ‘अजून गार होऊ दे’ म्हणून लोक बाटली फ्रीजरमध्ये ठेवतात. 40 टक्क्यांचं मिश्रण घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. पण इतकं गार द्रव बर्फ फारसा वितळवत नाही. जे 40-45 मिली पाणी यायला हवं ते निम्मंच येतं आणि पहिला घोट घशात चरचरतो. बाटली फ्रीजरमधून काढली असेल तर डब्यात प्रत्येक ग्लासामागे 20 मिली थंड पाणी घाला, मग हलवा. नाहीतर बाटली कपाटातच राहू द्या.

किती ग्लास द्यायचे याचा हिशोबही आधीच करा. एका ग्लासात शुद्ध अल्कोहोल सुमारे 36 मिली असतं. आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या 30 मिली पेगमध्ये ते 12.8 मिली असतं. म्हणजे हा एक ग्लास जवळपास पावणेतीन लहान पेग झाला, आणि लिंबू-संत्र्यामुळे तो तेवढा आहे हे पिणाऱ्याला कळत नाही. पाहुण्यांना हे आधी सांगा. माणशी एक ग्लास जेवणाआधी, बरोबर खारे काजू किंवा तळलेले बोंबील, आणि शेजारी पाण्याचा तांब्या. गाडी ज्याला चालवायची आहे त्याला उरलेल्या लिंबांचं सरबत द्या, त्याच ग्लासात, संत्र्याची साल वर दाबून.